तोफा, बसलेले, उभे

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी दहा. ठिकाण: काझी सरांचं घर, मंठा, आठवडी बाजाराच्या मागची गल्ली.

हजर: स्वतः काझी सर, निवृत्त गणित शिक्षक, खिडकीजवळच्या खुर्चीत. त्यांच्या पत्नी नसीमभाभी, स्वयंपाकघरात. मुलगी सना आणि जावई इम्रान, मुलांना तिकडंच ठेवून आदल्या दिवशी पुण्याहून गाडी घेऊन आलेले. आमच्या शाळेचे क्रीडा शिक्षक राठोड सर. शिपाई भगवानमामा, शाळेतली रिकामी खोकी घेऊन. आणि मी, खरात, पर्यवेक्षिका. गैरहजर: मुख्याध्यापक. त्यांना वाटूरला लग्न होतं. प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली त्यांनी शनिवारीच माझ्याकडे दिली होती.

कामं दोन होती. घर आवरून सर आणि भाभींना गाडीत बसवणं, हे पहिलं. दुसरं, सरांच्या तोफा शाळेत नेणं.

तोफा म्हणजे खेळण्यातल्या नव्हेत आणि खऱ्याही नव्हेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याकडं विमानं पाडायच्या ज्या तोफा होत्या, त्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती. मोठीची नळी वीतभर. सोबत बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं: कुणी तोफेच्या बाजूला बसून चाक फिरवणारा, कुणी गोळा घेऊन उभा, कुणी दुर्बीण लावलेला. जगात हे जमवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत म्हणे. मंठ्यात एकच होते.

मधुमेहानं सरांच्या डोळ्यांचे पडदे गेले. समोरचं मधोमध काही दिसत नाही, कडेकडेनं थोडं दिसतं. भाभींचे गुडघे चालत नाहीत. सनाचं पुण्यातलं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची दोन लहान मुलं. तोफा तिकडं जाणार नव्हत्या हे सगळ्यांना न सांगता कळलं होतं. मी मुख्याध्यापकांकडून प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट मागून घेतलं आणि सरांना विचारायला गेले की कसं ठेवायचं. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या.

"पोरांना हात लावू द्यायचा. आन् जो ज्या तोफेचा हाय तो तिच्यापाशीच ठेवायचा, मॅडम. अर्ध्या वर्षात तुकडी बदलली की पोरगं हरवतं. तुमी बघितलंय."

मी बघितलं होतं. मी हो म्हणाले.

काझी सर मूळचे आष्टीचे. घरी उर्दू, शाळेत मराठी, आणि आकडेमोड मनातल्या मनात उर्दूत. फळ्यावर मराठीत गणित मांडायचे आणि गुणाकार करताना ओठ हलायचे, सात अठे छप्पन. मागच्या बाकावरची मुलं त्यांच्याबरोबर ओठ हलवायची, त्यामुळे आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या निम्म्या मुलांना अजून उर्दू पाढे येतात. शर्टाच्या खिशात तीन पेनं: निळं, लाल आणि एक बंद पडलेलं. बंद पडलेलं कशाला, असं मी एकदा विचारलं. कुणी पेन मागितलं की ते द्यायला, म्हणाले. चहा बिनसाखरेचा प्यायचे आणि नंतर डब्यातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचे. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली होती, गुळाचं नाव घेतलं नव्हतं, असा त्यांचा युक्तिवाद. आज त्या युक्तिवादाकडं पाहून हसू येत नाही.

पहिली तोफ त्यांना हैदराबादला मिळाली. नात्यातल्या लग्नाला गेले होते, रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली. एका गोधडीवर जुनी कुलपं, नळाच्या तोट्या आणि त्यांच्यात ही. नळी आभाळाकडं, खाली फिरती बैठक, बाजूला दोन बारीक दांडे. सरांना वाटलं जमीन मोजायचं यंत्र असेल, शाळेत कोन शिकवायला बरं पडेल. म्हणून घेतली. नववीच्या वर्गात नेली. पहिल्या बाकावरच्या मुलानं सांगितलं की सर, ही तोफ आहे. सरांनी ती टेबलावर ठेवली, चारी बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, मग हिचंच गणित करू.

ते गणित पुढं आमच्या शाळेत दरवर्षी झालं. विमान इतक्या उंचीवर, इतक्या वेगानं जातंय. गोळ्याला तिथवर पोचायला इतके सेकंद लागतात. तर तोफ कुठं रोखायची? नव्वद टक्के मुलं विमानावर रोखायची. सर खडू घेऊन फळ्यावरचं विमान पुसायचे आणि वीतभर पुढं काढायचे.

"हाय तिथं मारून काय फायदा? ते पोचंल तिथं मारा."

हे वाक्य मग त्यांनी सगळ्याला लावलं. वाटूरला जायची बस सुटली की, परीक्षेचा अभ्यास राहिला की, भाभींनी भाजीत मीठ जास्त टाकलं की. मला तर दर जूनमध्ये ऐकावं लागायचं. मी वेळापत्रक करून स्टाफरूमच्या भिंतीवर लावलं की सर चष्मा कपाळावर चढवून जवळून वाचायचे आणि म्हणायचे, मॅडम, चांगलंय, पण हे विमान हाय तिथं मारून राह्यलं. म्हणजे अमक्या बाईंची बाळंतपणाची रजा ऑगस्टात आहे, तमक्या सरांना श्रावणात गावाकडं जायची सवय आहे, ते यात धरलेलं नाही. मला राग यायचा. संध्याकाळी बसून दुरुस्ती करायचे.

हळूहळू तोफा सात झाल्या. एखादी विद्यार्थ्यानं पाठवली, एखादी इंटरनेटवरून मागवली. त्यांची जर्मन नावं सरांना येत होती, पण ते घेत नसत. खऱ्या तोफेच्या नळीचं तोंड किती मिलिमीटर, त्यावरून हाक मारायचे: अठ्ठ्याऐंशी (अशा दोन होत्या), सदतीस, वीस. चार नळ्या एकत्र असलेली ती चौनळी. घरातल्या दर्शनी कपाटात त्या अशा मांडलेल्या असायच्या की आत शिरणाऱ्याला वाटावं, छतावर काहीतरी आहे. सगळ्या नळ्या वर. राठोड सरांनी एकदा त्यातली अठ्ठ्याऐंशी हातात घेऊन विचारलं, "सर, ही खाली वाकते का?"

"वाकते. त्यांनी रणगाड्यांवर बी चालवली."

"मंग?"

"मंग मी वाकवत न्हाई."

राठोड सरांनी ती परत होती तशी ठेवली.

त्या साफ करायला त्यांच्याकडं सुरम्याच्या जुन्या सळया आणि बारीक कुंचले होते. रंगवायला बसले की पंखा बंद. मे महिन्यात सुद्धा. भाभी दारातून बोलायच्या, "तोपां की धूल झाड झाड के मेरे हातां गए, अब हवा बी बंद कर दिए." सर मान वर न करता म्हणायचे, दो मिनिट. भाभी मला सांगायच्या की या माणसाची दोन मिनिटं लग्नापासून चालू आहेत.

इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक गट होता, त्यात सर होते. त्या लोकांचे नियम कडक. वस्तू मूळ खोक्यातच ठेवायची, हातमोजे घालून उचलायची, माणसं जागच्या जागी चिकटवायची. भाभींनी खोकी कधीच रद्दीत दिलेली. हातमोज्यांचा प्रश्नच नव्हता, कारण तोफा दर आठवड्याला पिशवीतून शाळेत यायच्या आणि चाळीस पोरांच्या हातून फिरायच्या. आणि माणसं चिकटवली तर मुलं ती उचलून बघणार कशी, म्हणून सरांनी एकही चिकटवला नाही. प्रत्येकाच्या पायाखाली बारीक खिळा, तोफेच्या पाट्यावर बारीक भोक. उचला, बघा, परत लावा.

आठवीतल्या आरती नावाच्या मुलीच्या हातून सदतीसची नळी वाकली. ती रडत स्टाफरूममध्ये आली. सरांनी नळी उन्हात धरून पाहिली, तिला विचारलं, आता ही रोखली तर गोळा कुठं जाईल? ती हुंदके देत म्हणाली, डावीकडं. "किती डावीकडं? काढून आण." दुसऱ्या दिवशी ती कंपासपेटीतला कोनमापक लावून काढून घेऊन आली. सरांनी त्या वाकड्या नळीचा फोटो गटावर टाकला. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं की तुमच्यासारख्या माणसाला ही वस्तू विकत मिळायलाच नको होती. सरांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, मराठी करून सांगितलं, आणि तास घ्यायला गेले. नळी त्यांनी सरळ केली नाही.

आता थोडं अवघड.

पोलीस ठाण्यातले जमादार आल्याची गोष्ट सर स्वतः हसत सांगायचे, पण मी ती वेगळी सांगते, कारण मी त्यांच्या घरी होते. सर नोकरीत असतानाच एका फेब्रुवारीत सीमेवर तणाव होता, टीव्हीवर रात्रंदिवस विमानं आणि ड्रोन होते. सगळा गाव एकाएकी हवाई संरक्षणातला जाणकार झाला होता. नेमकं त्याच आठवड्यात सरांचं परदेशातून पार्सल आलं आणि चिठ्ठीवर वस्तूचं नाव छापलेलं होतं. ते कुणी वाचलं, कुणी कुणाला सांगितलं, माहीत नाही. जमादार दारात आले. ओळखीचे होते, त्यांची मुलगी सरांच्याच वर्गात. चप्पल काढावी की नाही असं करत उंबऱ्यात उभे राहिले.

"काझी सर, तुमच्याकडं तोफा हायत म्हून खबर हाय."

"हायत ना, सात हायत. या. चष्मा आणलाय का?"

जमादारांनी खरंच खिशातून चष्मा काढला. सरांनी एकेक दाखवली. चौनळी बघून ते खूश झाले, माणसं उचलून पाहिली, चहा घेतला. जाताना मुलीला गणितात पास होण्यापुरते पडतील का, असं विचारलं. सर म्हणाले, जास्त पडतील. प्रकरण तेवढंच. कुणी काही वाईट बोललं नाही.

जमादार गेल्यावर भाभी आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांच्या हातात सनाच्या लग्नातली मोठी चादर होती. ती त्यांनी कपाटावर टाकली, काच झाकली. सर बघत राहिले. "रहने दो," एवढंच म्हणाले, पण चादर काढायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये चष्म्याचा किस्सा सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं आणि नंतर बराच वेळ हजेरीपट उघडून नुसते बसले. ती चादर कायमची राहिली. त्यानंतर त्यांनी काही मागवलं नाही.

शाळेतही एक टोचणी चालू असायची. इतिहासाचे एक सर, आता बदलून गेले, चहाच्या वेळी म्हणायचे, काय काझी, तुमचा हिटलर काय म्हणतो? सर चिडत नसत. "मालक वाईट होता. गणित मालकाचं नसतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तोफांवरची खूणचिन्हं त्यांनी राखाडी रंगानं पुसून टाकलेली होती. मला ते उत्तर पटायचं. मी वादात पडत नसे, पण मला पटायचं.

मग एक दिवस ते उत्तर त्यांनी देणं बंद केलं.

निवृत्तीच्या आधीचं वर्ष. ऑफ तासाला मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. सर येऊन समोर बसले. त्यांनी इंटरनेटवर काहीतरी वाचलं होतं. युद्धाच्या शेवटी शेवटी जर्मनांकडं माणसं पुरेनात, तेव्हा त्यांनी शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं तोफांवर बसवली. वर्गच्या वर्ग. आणि शिक्षण बुडू नये म्हणून त्यांचे मास्तर तोफेपाशी जाऊन तास घ्यायचे.

"पुस्तक घेऊन जायचा मॅडम, मास्तर. तोफेपाशी. रातभर पोरं गोळे उचलायची आन् सकाळी हा तास घ्यायचा."

मी विचारलं, काय शिकवत असतील?

"गणित असंलच." मग म्हणाले, "मी असतो तर गेलो असतो का, त्याचा इचार करून राह्यलो."

मी गठ्ठ्याला गाठ मारली आणि खरं ते सांगितलं. आदेश आला असता तर गेलो असतो. आपण निवडणुकीला जातो, जनगणनेला जातो, खिचडीचे तांदूळ मोजतो. सही करून गेलो असतो. हजेरीपट बरोबर नेला असता.

सरांनी मान हलवली. "हो. हजेरी घेतली असती," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एका उभ्या अधिकाऱ्याची टोपी कानशीनं घासून काढली, त्याच्या हातातलं पिस्तूल कापलं आणि काडेपेटीच्या तुकड्याचा, काळा रंगवलेला, फळा त्याला दिला. त्या गटातल्या लोकांच्या दृष्टीनं एक चांगली वस्तू वाया गेली. त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या माणसांची मांडामांड केली. कंपनीनं ज्या तोफेबरोबर जी माणसं दिली होती ती जोडी मोडली आणि आपल्या मनानं नवी लावली. उंच पोरं चौनळीला, कारण मागं बसली तरी त्यांना दिसतं. जो थकलेला दिसतो तो गोळ्यांपाशी नको, दुर्बिणीपाशी. शेजारी कोण, हे पण बघून. आम्ही वर्गात बाकं लावतो तसं. कुठं लिहून ठेवलं नाही. लिहायची गरज नव्हती, त्यांना रोज दिसत होतं.

दोन वर्षांत दिसायचं बंद झालं.

तर रविवार. मी स्वयंपाकघरात भाभींबरोबर होते. काय न्यायचं, काय सनाच्या नणंदेला द्यायचं, काय मशिदीसमोरच्या बाईला. भाभी प्रत्येक पातेल्याची हकीकत सांगत होत्या आणि मी ऐकत ऐकत बांधत होते. इम्रान गाडी भरत होता. त्याला अंधार पडायच्या आत घाट मागं टाकायचा होता, त्यामुळे दर थोड्या वेळानं तो दारातून नम्रपणे घड्याळाकडं बघायचा. बाहेरच्या खोलीत राठोड सर आणि भगवानमामा तोफा बांधत होते.

राठोड सरांबद्दल एक सांगितलं पाहिजे. निवडणुकीच्या ड्यूटीत मतदान केंद्रावरचं साहित्य जमा करण्यात आमच्या तालुक्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. जे ज्या जातीचं ते त्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर संख्या, मग दोरी, मग सही. रात्री तहसीलला बाकीचे शिक्षक रांगेत ताटकळत असतात तेव्हा राठोड सर पोचपावती घेऊन घरी निघालेले असतात. आम्ही सगळेच त्या पद्धतीत वाढलो आहोत. त्याशिवाय दुसरी पद्धत आम्हाला येत नाही.

मी बाहेर आले तेव्हा तीन खोकी सुतळीनं बांधून तयार होती. चिठ्ठ्या चिकटवलेल्या: तोफा. बसलेले. उभे.

राठोड सर घाम पुसत सरांना सांगत होते, "सर, बिलकुल टेन्शन घेऊ नका. समदं मोजून बांधलं. टॅली बराबर हाय. एक बी नग कमी न्हाई."

सर खुर्चीत होते. पाच-सहा हातांवर हे सगळं चाललं होतं आणि त्यांना त्यातलं काही दिसलं नव्हतं. माणसं तोफेवरून उचलल्याचा बारीक आवाज त्यांना आला असेल की नाही, मी विचारलं नाही. त्यांनी हात पुढं केला, पहिलं खोकं चाचपलं.

"पोरं कुठं हायत यातली?"

"यात तोफाच हायत सर. पोरं त्या दोन खोक्यात. बसलेले येगळे, उभे येगळे."

राठोड सरांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं. भगवानमामांनी सुतळीचा गुंडा खाली ठेवला. सनानं विचारलं, कुणाकडं फोटो आहे का? आम्ही सगळ्यांनी मोबाईल काढले. फोटो होते. दोन वर्षांपूर्वीच्या विज्ञान प्रदर्शनातले. प्रत्येक फोटोत प्रमुख पाहुणे तोफांच्या पुढं उभे होते, हार घालून. त्यांच्या कोपराखालून एक नळी दिसत होती.

"कंपनीच्या पुस्तकात असंल ना, कोण कुठला," राठोड सर म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. पुस्तकातली जोडी सरांनीच मोडली होती.

मला वाटलं सर रागावतील. वर्गात ते रागवायचे, खडू मोडायचे. ते रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "बसलेल्यांचा डबा द्या माझ्या मांडीवर."

सुतळी सोडली. मी खाली बसले, तोफांचं खोकं उघडून एकेक पुढं ठेवली. सर एक माणूस उचलायचे, अंगठ्यानं त्याची पाठ, गुडघे, कोपर चाचपायचे. काहींची पाठ त्यांनी खुर्चीत नीट बसावी म्हणून कानशीनं घासलेली होती, ते लगेच ओळखू येत होते. "अठ्ठ्याऐंशी. डावा." मी खिळा भोकात बसवायची. "हा पन अठ्ठ्याऐंशीचा, पन पहिलीचा न्हाई, दुसरीचा." एकदा एकाला बराच वेळ बोटांत फिरवत राहिले आणि हसले. "हा लई हलायचा जागेवर. मेण लावलंय याच्या बुडाला." खरंच मेण होतं. राठोड सर उकिडवे बसून बघत होते, मोठ्या माणसाला शोभणार नाही इतकं तोंड बारीक करून. सरांच्या ते कडेनं लक्षात आलं असावं. "राठोड, तुमची मोजणी चुकली न्हाई. तेवढी तरी काळजी मिटली," म्हणाले. त्यानं राठोड सरांना जास्तच लागलं.

बसलेले सगळे जागेवर गेले. बराच वेळ लागला. मग उभ्यांचा डबा घेतला आणि पहिल्याच माणसाला सरांची बोटं थांबली. उभ्यांना कानस लागलेली नव्हती. सगळ्यांचे कोट सारखे, आणि गोळेवाले, दुर्बीणवाले तर प्रत्येक तोफेला होते. खरी ओळख होती ती चेहऱ्यांच्या रंगात. कुणाच्या डोळ्याखाली सरांनी काळसर रेघ ओढली होती, कुणाचे कान लाल. ते बोटांना कळत नव्हतं. मी वाचून दाखवायला लागले: कान लाल, मान डावीकडं. "चौनळी," सर म्हणाले. मग, "न्हाई. थांबा." मग त्यांनी तो माणूस डब्यात परत ठेवला.

फळा हातात असलेला मास्तर राठोड सरांनी शोधून त्यांच्या हातात दिला. हा तरी ओळखू येतो, म्हणाले. सरांनी फळ्यावरून बोट फिरवलं.

"याला कुठं बी चालतं. याची ड्यूटी मॅडम लावतील. त्या लावतच आल्यात." आणि तो अठ्ठ्याऐंशीच्या पाट्यावर स्वतःच्या हातानं ठेवायला गेले, भोक सापडेना, तेव्हा मी त्यांचा हात नेला आणि बसवला.

इम्रान दारात येऊन उभा राहिला. भाभी आतून हळूहळू, भिंत धरत बाहेर आल्या, खोक्यांकडं पाहिलं, सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "चलो जी. बच्चे भूके हुए होंगे उधर." सर म्हणाले, दो मिनिट. भाभी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. पट्टा इम्राननं लावला. आम्ही घराच्या पायरीपाशी, गाडीच्या मागच्या बाजूला उभे होतो. गाडी हलली तशी सरांनी काच खाली करून हात बाहेर काढला आणि निरोपाचा हलवला, पण समोरच्या बाजूला, जिथं विजेचा खांब आणि एक बंद पिठाची गिरणी आहे. तिथं कुणी नव्हतं. भगवानमामा ओरडून सांगणार होते की सर, आम्ही इकडं. त्याच्या आधीच राठोड सर पळाले. चौपन्न वर्षांचा माणूस, गल्ली ओलांडून खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला. सरांचा हात त्यांच्या अगदी समोरून गेला. मग मीही गेले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत आम्ही तिथं खांबाशी उभे होतो.

तोफा प्रयोगशाळेत आल्या आहेत. कपाट पुसून घेतलं, नळ्या वर केल्या. बसलेले जागेवर आहेत. चादर लावलेली नाही. सरांना मी दर शुक्रवारी दुपारनंतर फोन करते आणि उभ्यांतल्या एकेकाचं वर्णन करते: कोट, मान, कानाचा रंग, डोळ्याखालची रेघ. पहिल्या शुक्रवारी दोघांची जागा लागली. दुसऱ्या शुक्रवारी एकाची, ती पण नंतर त्यांनी बदलली. गेल्या वेळी त्यांचा आवाज थकलेला होता. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. उभेच हायत, उभ्याला काय होतंय. पोरांना उघडून द्या कपाट."

आठवीचे वर्गशिक्षक रोज विचारतात की कधी उघडायचं. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. कपाटाच्या खालच्या फळीवर राठोड सरांच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेलं खोकं आहे, त्यात एकवीस उभे आहेत, आणि कोण कुणाशेजारी हे अजून लावायचं राहिलं आहे.